नाल्यावरचे बियाचे परसे

मालगुजारी गेल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. गाव सालेकशाच्या स्टेशनपासून दोन कोसांवर, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात. गावाच्या उत्तरेला नाला होता आणि नाल्याच्या अलीकडच्या काठावर पळसाची एकवीस झाडं होती. पळसाला आमच्याकडे परसा म्हणतात. गावच्या बरड जमिनीवर परसे पुष्कळ होते, पण या एकवीस झाडांना वेगळं नाव होतं. त्यांना बियाचे परसे म्हणत. माझी मोठी बहीण आपल्या लेकीजवळ राहणार की नाही, हे त्या वर्षी या एकवीस झाडांवर ठरायचं होतं.

ते कसं, हे कळायला लाखेचं थोडं सांगावं लागेल. लाखेचा किडा मोहरीच्या दाण्याहून लहान असतो. वर्षातून दोनदा, आषाढात आणि कार्तिकात, तो आईच्या कवचातून बाहेर पडतो. तेव्हा फांदीवर तांबडी भुकटी सांडल्यासारखी दिसते. ती भुकटी चालत चालत कोवळ्या डहाळीवर जाते, जागा धरते आणि मग मरेपर्यंत हलत नाही. किडा झाडाचा रस पितो आणि अंगाभोवती लाख तयार करतो. किडा निघायच्या बेतात आलेली काडी कापून दुसऱ्या झाडाला बांधली की तिथेही लाख लागते. अशा काडीला बी म्हणतात. पण तीच काडी वैशाखात, किडा निघायच्या दोन महिने आधी कापली तर ती अरी. अरी म्हणजे कच्ची लाख. ती विकता येते, पण तिच्यातला किडा आतच मरतो आणि पुढच्या पिकाला बी राहत नाही.

बरडीवरच्या परशांवरचा किडा वैशाखाच्या उन्हात तसाही मरायचा, म्हणून तिथली अरी कापण्यात कोणाला काही गैर वाटत नसे. नाल्यावर ओल होती. तिथला किडा उन्हाळा काढायचा. आषाढात सगळ्या गावाला बी तिथूनच मिळे. ही एकवीस झाडं राखली तर बाकीची शेकडो झाडं दरवर्षी पुन्हा लाख देत. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी शिकवलेलं नव्हतं आणि कोणी विसरलेलंही नव्हतं.

मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या काळी त्या झाडांवर त्याचा रखवालदार असे. लाखेचा एक हिस्सा मालगुजाराला जाई. रखवालदार काठी वापरायचा आणि बायकांना वाईट बोलायचा. मालगुजारी गेली तेव्हा त्याच्यासाठी कोणी हळहळलं नाही. मात्र झाडं सरकारी झाली आणि रखवालदार गेला, म्हणजे ती नेमकी कोणाची झाली, असा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात आला. त्यावर गावाची बैठक झाली. तिथे एक म्हातारा गोंड, ज्याला सगळे मामा म्हणत, म्हणाला ते मला आठवतं. "सरकार नागपुरात बसून रायलं. तिथून त्याले आपला परसा दिसते का?" लोक हसले. मग माझे वडील उठले आणि त्यांनी एक व्यवस्था सुचवली. नाल्यावरच्या झाडांच्या काड्या वैशाखात कोणी कापायच्या नाहीत. राखणीला एक माणूस ठेवायचा. आषाढात ज्याला बी हवं त्याने राखणदाराकडून न्यावं आणि एका पेंडीला एक कुडव धान द्यावं. राखणदार म्हणून त्यांनी माझ्या बहिणीचं नाव घेतलं.

तिला आम्ही बाई म्हणत असू. नवरा तापाने गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. सासरच्यांनी जमिनीवर नाव लावू दिलं नाही आणि ती तीन वर्षांची टुरी, म्हणजे लेक, घेऊन परत आली. वडिलांची जमीन थोडी आणि तीही वरच्या अंगाची, धानाला पाणी कमी पडणारी. माझा पगार नुकता सुरू झाला होता. घरात दोन तोंडं वाढली, असं कोणी बोललं नाही. पण बाई सकाळी सगळ्यांच्या आधी उठू लागली आणि सगळ्यांच्या शेवटी जेवू लागली.

पहिलं वर्ष व्यवस्था चालली. बाई वैशाखभर नाल्यावर बसली. टुरी तिच्याजवळ वाळूत खेळायची. आषाढात लोक पेंड्या घेऊन गेले आणि धान देऊन गेले. काहींनी कुडव शिगोशीग भरलं, काहींनी हात राखून. पण दिलं सगळ्यांनी. त्या धानावर दोघींचे सात महिने निघाले. राखण करणाऱ्याला राखण्यातच फायदा होता आणि इतरांना राखून घेण्यात. पुढे वर्तमानपत्राच्या कामासाठी जंगल आणि पाणी यांवरची पुस्तकं वाचावी लागली तेव्हा अशा व्यवस्थेबद्दल बरंच वाचायला मिळालं. त्या पुस्तकांत जे लिहिलं होतं त्यातलं बहुतेक त्या बैठकीत माझ्या वडिलांनी उभ्या उभ्या सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षी माघात, कचारगडच्या यात्रेहून परतताना, वडिलांच्या ओळखीच्या एकाने बाईसाठी पाट, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाचं स्थळ, आणला. माणूस विधुर होता, पन्नाशीला आलेला, केशोरीकडचा. त्याची जमीन चांगली होती आणि पहिल्या बायकोची दोन मुलं होती. अट एकच. टुरी आणायची नाही.

वडिलांनी ते बाईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. तिने भाकर उतरवली आणि म्हणाली, "आषाढ होऊ द्या, बाबा. बी गेलं अना धान आलं तर मी नाई जात. नाई आलं तर तुमी म्हनाल तसं."

वडील हो म्हणाले. स्थळ आणणाऱ्या त्या निरोप्याला तसं कळवण्यात आलं. तो म्हणाला, तिकडचे आषाढापर्यंत थांबतो म्हणतात, पण पुढे नाही.

मी तेव्हा गोंदियात एका लाखेच्या शेठच्या गोदामात कामाला होतो. काम काट्यावर वजनं लिहिण्याचं. खेड्यांतून माल येई, मापारी तोले आणि मी वहीत उतरवी. दर शनिवारी पॅसेंजरने सालेकशाला उतरून घरी जायचो, सोमवारी पहाटे परत. वैशाखाच्या सुरुवातीला एका शनिवारी दुपारी शेठ गोदामात आले. बाहेरच्या व्यापाऱ्याची मागणी होती, मालाचा भाव चढला होता. एक दलाल समोर उभा होता. शेठ त्याला म्हणाले, "अरी भी चलेगा. ले लो." आणि आत गेले.

एवढंच वाक्य होतं. ते त्या दलालाला उद्देशून होतं. किती अरी, किती दिवस, कोणत्या भावाने, हे त्यात नव्हतं. मी विचारलं नाही. विचारायचं माझं काम नव्हतं, असं तेव्हा मला वाटलं.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा ओट्यावर वडील आणि शेजारचे दोघे बसले होते. गोंदियात काय चाललंय, असं त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी सांगितलं की भाव चढला आहे आणि आता शेठ अरीसुद्धा घेऊन राहिले आहेत. शेजाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "कच्चीबी?" मी म्हणालो, "कच्चीबी." दुसरा म्हणाला, शेठ म्हातारपणी दयाळू झाला दिसतो, नाहीतर कवडीचं वजन सोडत नव्हता. आम्ही हसलो. वडील हसले नाहीत. बाई आतून पाणी घेऊन आली, तिने तांब्या ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, हे रस्त्यात अजून कोणाला सांगितलं का. मी नाही म्हणालो. तेवढं खरं होतं.

पुढच्या शनिवारपर्यंत बरडीवरचे सगळे परसे भादरल्यासारखे झाले होते. त्यात नियमभंग काही नव्हता. बरडीवरची अरी पूर्वीही कापत. फरक एवढाच की पूर्वी काही झाडं आळसाने राहून जात, या वेळी एकही राहिलं नाही. कोणी मोळ्या बांधून सालेकशाला नेत होतं, कोणी बैलगाडीने थेट गोंदियाला. बाई पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत नाल्यावर बसत होती. जेवणही तिकडेच न्यायला तिने सांगितलं होतं.

त्या शनिवारी रात्री मामा आमच्याकडे येऊन गेला. त्याने वडिलांना सांगितलं की नाल्यापलीकडच्या गावचे लोक बियाचे परसे कापायला येणार, अशी बोलवा आहे. कोणी पाहिलं का, असं वडिलांनी विचारलं. पाहिलं कोणी नव्हतं. पण गावात सगळे तेच म्हणत होते.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ते आले. नाल्यापलीकडून नाही, गावातून. बारा-तेरा जण होते, हातात कोयते आणि विळे. त्यात आमचे दोन्ही शेजारी होते. मी बाईचं जेवण घेऊन तिथे गेलो होतो, म्हणून जे झालं ते मी स्वतः पाहिलं. कोणी आरडाओरडा केला नाही. ते चोरासारखे आले नाहीत आणि तिला वाईटही बोलले नाहीत. दोघा शेजाऱ्यांपैकी एक, ज्याला बाई लहानपणापासून काका म्हणायची, पुढे झाला. "बाई, हे आमी नाई कापलं तं पलीकडचे कापतील. जायाचंच आहे तं आपल्या गावात तरी राहील."

बाई म्हणाली, "काऊन जायाचंच आहे, काका? कोनी आला तं मी हाका मारीन. तुमी सगळे याल. तेरा जण आता आले, तवा नाई येनार का?"

मागचा एक जण हसत म्हणाला, "हाक ऐकू येईपावतो परसा मोकळा होते, बाई." मग ते झाडांकडे वळले. ती एका झाडाला पाठ लावून उभी राहिली. त्यांनी ते झाड सोडलं आणि शेजारचं धरलं. ती तिकडे गेली, तेव्हा त्यांनी सोडलेलं धरलं. एकवीस झाडांपुढे एक माणूस उभा राहू शकत नाही. हे तिला दोन-तीन फेऱ्यांत कळलं आणि ती थांबली. टुरी वाळूत बसून पडणाऱ्या काड्या गोळा करत होती. तिला तो खेळ वाटला.

तासाभरात पंधरा झाडं झाली होती. तेव्हा वडील आले. बैठकीत ज्यांनी व्यवस्था सुचवली ते आता या लोकांना थांबवतील, असं मला वाटलं. बाईलाही वाटलं असावं, कारण ती त्यांच्याकडे चालू लागली. मग तिला त्यांच्या हातातला कोयता दिसला.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते उरलेल्या सहा झाडांकडे पाहत म्हणाले, "पंधरा गेले. आता सहाचं बी गावाले पुरत नाई. उरलं ते तरी घरी येऊ दे."

बाई म्हणाली, "बाबा, तुमी तरी नोका कापू."

ते तिच्या बाजूने गेले. त्यांनी दोन झाडं कापली. बाकीची चार इतरांनी.

त्यांचा हिशेब चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. पंधरा झाडं गेल्यावर उरलेल्या सहांची राखण कोणासाठी करायची, या प्रश्नाला त्या क्षणी चांगलं उत्तर नव्हतं. पंधरा कापणाऱ्या प्रत्येकाचाही हिशेब असाच होता. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हातातला कोयता पाहिला आणि आपला उचलला. कापलेली काडी ज्याच्या त्याच्या घरी जाणार होती. न उरलेलं बी सगळ्यांचं होतं, म्हणजे त्याचं ओझं कोणा एकाला आपल्या डोक्यावर वाटलं नाही. एकीच्याच डोक्यावर ते पूर्ण पडणार होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

मंगळवारी वडील दोन झाडांचा माल घेऊन गोदामात आले. त्या आठवड्यात सगळ्या टापूतून अरी आली होती. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. बाहेरच्या व्यापाऱ्याची गरज आदल्या दिवशीच भागली होती. शेठ म्हणाले, कच्चा माल आता नको, घ्यायचाच तर अर्ध्या भावात. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मापारीने तोललं आणि मी वजन लिहिलं. वडील एवढंच म्हणाले, "तू तं म्हनला होतास, घेऊन रायले म्हनून." मी म्हणालो होतो.

नाल्यापलीकडच्या गावात मी नंतर मुद्दाम जाऊन विचारलं. त्यांच्यापैकी कोणी आमच्या झाडांवर यायचं ठरवलं नव्हतं. अरीची बातमी त्यांना आमच्या गावातूनच कळली होती, तीही झाडं कापून झाल्यावर. त्यांच्याही नाल्याकाठी बियाचे परसे होते. आमच्या गावचे लोक ते कापायला येतील या भीतीने त्यांनी ते बुधवारी कापले.

आषाढात बाई रोज नाल्यावर जात राहिली. राखायला काही नव्हतं. एका उंच झाडाच्या शेंड्याला, जिथे कोयता पोचला नव्हता, दोन काड्या राहिल्या होत्या. त्या तिने काढल्या, परशाच्या मुळाच्या वाखाने एका नव्या डहाळीला बांधल्या आणि किडा निघायची वाट पाहिली. मी एका रविवारी तिच्याबरोबर गेलो. डहाळीवर तांबडी भुकटी दिसली. तिने टुरीला उचलून ती दाखवली. पुढचे चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी डहाळी स्वच्छ होती. काही किडे पावसाने नेले आणि बाकीचे मुंग्यांनी, असं ती म्हणाली.

गावात बाहेरून बी आणायचं बोलणं झालं. त्यासाठी आधी वर्गणी काढावी लागणार होती, आणि आणलेलं बी उद्या कोणी वैशाखात कापणार नाही याची हमी कोण देणार, असं एकाने विचारलं. वडील बैठकीला होते, पण या वेळी उठले नाहीत. बैठक तशीच मोडली. त्या गावात नंतर लाख झाली नाही. परसे आहेत, फाल्गुनात फुलतात.

निरोप्या आषाढाच्या शेवटी आला. बाईने त्याला पाणी दिलं आणि स्वतःच हो म्हणून सांगितलं. वडिलांना विचारावं लागलं नाही.

आश्विनात, धान निसवत असताना, ती गेली. पाटाला वाजंत्री नसते. गाडी दुपारी निघाली, टुरी झोपलेली असताना, कारण तेच बरं असं माझ्या आईचं म्हणणं पडलं. बाई तिच्याजवळ बराच वेळ बसून होती. तिने तिच्या केसांतल्या उवा पाहिल्या, लुगड्याच्या पदराने तिचा घाम पुसला आणि उठली. गाडीपाशी मी उभा होतो. माझ्यामुळे हे झालं, असं मी तिला म्हणालो. मी गोंदियाहून ती बातमी आणली नसती तर झाडं राहिली असती.

ती म्हणाली, "तू खरं तेच सांगतलास, भाऊ. खरं सांगाले कायले भेवाचं?" मग थोडं थांबून म्हणाली, "पन अर्धंच होतं ते."

वडील गाडीमागून गावच्या शिवेपर्यंत चालत गेले. ती गाडीत मागे तोंड करून बसली होती, म्हणजे सगळा रस्ता दोघं समोरासमोर होते.

टुरी उठली तेव्हा माझ्या आईने तिला सांगितलं की बाई बाजाराला गेली. त्या दिवशी बाजार होता, म्हणून तिला ते पटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसली आणि परतणाऱ्या बायकांकडे एकेक करून पाहत राहिली. त्याच्या पुढच्या बाजारालाही बसली. कोणी तिला उठवत नसे. काका, ज्याने पहिलं झाड धरलं होतं, तोही त्या रस्त्याने परतताना तिच्यासाठी मुरमुऱ्याची पुडी आणू लागला. ती पुडी घ्यायची, पण उघडायची नाही. दिवाळी झाली, कापणी झाली, मळणी झाली. मग एका बाजाराच्या दिवशी ती ओट्यावर गेली नाही, मागे परसात खेळत राहिली. तो नेमका कोणता बाजार होता, हे मी आईला पुष्कळदा विचारलं. तिलाही सांगता आलं नाही.